खाणीची रेषा संगणकावर. जबाबदारी कोणाच्या शिरावर?

विशेष प्रतिनिधी, नागपूर

चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतील कोणत्याही मोठ्या उघड्या कोळसा खाणीत पहिला सुरुंग उडण्याच्या कित्येक वर्षे आधी ती खाण संगणकाच्या पडद्यावर पूर्ण खणून झालेली असते. कोणत्या वर्षी कोणता पट्टा उकरायचा, वरची माती कोठे नेऊन टाकायची, डंपरचा रस्ता कोणत्या बाजूने उतरवायचा आणि शेवटी खड्डा नेमका कोठे थांबवायचा, हे सारे आराखड्यात आधीच ठरते. खाणीलगतच्या गावाच्या दृष्टीने यातला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. खड्डा थांबण्याची रेषा गावाच्या अलीकडे पडली तर गाव राहते. पलीकडे पडली तर उठते.

ही रेषा पूर्वी अनुभवी खाण अभियंते कागदी नकाशांवर पेन्सिलीने आखत. आता ती संगणक आखतो. त्यामुळे काम अधिक अचूक झाले, यात शंका नाही. मात्र, ‘संगणकाने ठरवले’ एवढे म्हटले की प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही, असा एक समज या बदलाबरोबर रूढ झाला आहे. प्रत्यक्षात संगणक रेषा काढतो ती माणसांनी पुरवलेल्या आकड्यांवर. ते आकडे कोणी, कशाच्या आधारे भरले, याचे उत्तर खाणकामगाराला आणि प्रकल्पग्रस्ताला मिळायला हवे. उघड्या खाणींच्या आजच्या चर्चेत नेमका हाच दुवा निसटलेला दिसतो.

उघड्या खाणींचे राज्य

देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७१ ते १९७३ या काळात झाले आणि १९७५ मध्ये कोल इंडिया ही सरकारी कंपनी अस्तित्वात आली. त्यावेळी देशातील सुमारे एकचतुर्थांश कोळसा उघड्या खाणींतून निघत असे. उरलेला भूमिगत खाणींतून. आज हे चित्र पूर्णपणे पालटले आहे. २०२३-२४ या वर्षात कोल इंडियाने सुमारे ७७ कोटी टन कोळसा काढला आणि त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक उघड्या खाणींतला होता. २०२४-२५ मध्ये देशाच्या एकूण कोळसा उत्पादनाने १०० कोटी टनांचा टप्पा प्रथमच ओलांडला. नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स अर्थात वेकोलिचा २०२३-२४ मधील वाटा सुमारे ६ कोटी ९० लाख टनांचा होता.

उघडी खाण म्हणजे प्रामुख्याने माती आणि खडक हलविण्याचा उद्योग. वर्धा नदीच्या खोऱ्यात बहुतेक ठिकाणी कोळशाचा एकच प्रमुख, जाड थर आहे. तो सपाट नाही. एका बाजूला खोल उतरत जातो. त्यावर काळी माती, मुरूम, वाळूचा खडक अशी आवरणे आहेत. थर जसजसा खोल जातो तसतसे एक टन कोळशासाठी अधिकाधिक आवरण हटवावे लागते. विदर्भातील काही खाणींत टनामागे चार ते पाच घनमीटर आणि त्याहूनही अधिक माती काढावी लागते. वर्धा, पैनगंगा, इरई या नद्यांच्या परिसरात उभे राहिलेले मातीचे डोंगर हे त्या हिशेबाचेच दृश्य रूप आहे.

साहजिकच खाणीचा नफा कोळशाइतकाच मातीच्या नियोजनावर अवलंबून असतो. काढलेली माती एकदा बाहेर टाकून पुन्हा दुसरीकडे हलवावी लागली तर तोच खर्च दोनदा होतो. खणून झालेल्या पोकळीतच ती वेळेवर टाकता आली तर डिझेल वाचते आणि बाहेरची जमीनही कमी लागते. असा वर्षावर्षाचा क्रम लावणे कागदावर जवळपास अशक्य असते. संगणकाची गरज येथे निर्माण झाली.

पडद्यावरची खाण

या तंत्राची मुळे पाऊण शतकामागे जातात. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत थोड्या नमुन्यांवरून मोठ्या भागातील सोन्याचा अंदाज कसा बांधावा, हा प्रश्न डॅनी क्रिगे या खाण अभियंत्याने १९५१ मध्ये संख्याशास्त्राच्या साहाय्याने हाताळला. फ्रान्सचे जॉर्ज माथेराँ यांनी १९६० च्या दशकात त्याला गणिती शास्त्राचे रूप दिले आणि क्रिगे यांच्या नावावरूनच त्या पद्धतीला ‘क्रिगिंग’ हे नाव पडले. पुढे १९६५ मध्ये हेल्मुट लेर्क्स आणि इंगो ग्रॉसमन यांनी उघड्या खाणीचा सर्वाधिक फायदेशीर आकार शोधण्याची गणिती रीत प्रसिद्ध केली. त्यावेळच्या संगणकांना ती पेलणे अवघड होते. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये खाण नियोजनाची व्यापारी सॉफ्टवेअर तयार झाली आणि ही रीत जगभरच्या खाणींत रुळली.

तिचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. जमिनीखालचा सारा भाग लहान लहान घनांत विभागला जातो. प्रत्येक घनात किती खनिज आहे, ते विकून किती पैसे येतील आणि तो घन काढायला किती खर्च येईल, याची नोंद होते. खालचा घन काढायचा तर त्याच्या वरचे आणि बाजूचे काही घन आधी काढावेच लागतात. नाहीतर भिंत कोसळेल. ही अट पाळून ज्या घनांची बेरीज सर्वाधिक नफा देते तेवढा भाग म्हणजे खाणीचा आकार. कोळशासारख्या थरांत सापडणाऱ्या खनिजासाठी घनांऐवजी थरांची जाडी, खोली आणि प्रत यांचे प्रतिरूप तयार करतात. परंतु तत्त्व तेच.

भारतात कोळशाच्या क्षेत्रात हे काम प्रामुख्याने रांची येथे मुख्यालय असलेली सेंट्रल माइन प्लॅनिंग अँड डिझाइन इन्स्टिट्यूट, म्हणजे सीएमपीडीआय, ही कोल इंडियाची उपकंपनी करते. तिची एक प्रादेशिक संस्था नागपुरात आहे. वेधन यंत्रांनी घेतलेल्या बोअरहोलमधील नमुने, थरांच्या खोलीच्या नोंदी आणि प्रयोगशाळेतील तपासण्या संगणकात भरून ‘मिनेक्स’सारख्या सॉफ्टवेअरच्या मदतीने जमिनीखालचे चित्र उभे केले जाते. दोन बोअरहोलमधील जागेत काय आहे, हे कोणीच पाहिलेले नसते. तो भाग संगणक अंदाजाने भरून काढतो. बोअरहोल दाट असतील तर अंदाज भक्कम. विरळ असतील तर डळमळीत. पडद्यावरचे रंगीत चित्र मात्र दोन्ही वेळा सारखेच देखणे दिसते, ही या तंत्रातील पहिली मेख आहे.

२७० मीटरचा प्रश्न

दुसरी मेख दरात आहे. एका काल्पनिक खाणीचा हिशेब मांडला तर ती स्पष्ट होते. समजा, कोळशाचा १५ मीटर जाडीचा थर आहे. घनमीटरमागे दीड टन धरले तर जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरखाली साडेबावीस टन कोळसा मिळेल. टनामागे २,००० रुपये दर मिळतो, कोळसा काढण्याचा खर्च ५०० रुपये आहे आणि एक घनमीटर माती हटवायला २०० रुपये लागतात, असे धरू. मग टनामागे उरलेल्या १,५०० रुपयांत साडेसात घनमीटर माती हटवता येईल. म्हणजे थरावर सुमारे १६९ मीटर आवरण येईपर्यंत खणणे परवडते. तेथे खाण थांबते.

आता दर २,००० ऐवजी १,७०० रुपये धरला तर काय होईल? टनामागे फक्त सहा घनमीटर माती परवडते आणि खाण १३५ मीटर आवरणाशीच थांबते. फरक सुमारे ३४ मीटर खोलीचा. परंतु थर दर आठ मीटरला एक मीटर या उताराने खाली जात असेल तर जमिनीवर हाच फरक जवळपास २७० मीटरचा होतो. विदर्भातील एखादी गावठाण वस्ती, तिची शाळा, देऊळ आणि पाणवठा सामावून घेण्यास एवढे अंतर पुरेसे आहे.

हे आकडे केवळ उदाहरणादाखल असले तरी त्यातून निघणारा अर्थ काल्पनिक नाही. सॉफ्टवेअरमध्ये दराच्या रकान्यात कोणता आकडा भरला यावर गाव रेषेच्या आत जाते की बाहेर राहते, हे ठरू शकते. खाणीचे आयुष्य वीस ते तीस वर्षांचे. एवढ्या काळातील दर कोणालाच ठाऊक नसतो. म्हणूनच सक्षम नियोजनकार एकच रेषा काढत नाहीत. वेगवेगळे दर धरून एकात एक बसणाऱ्या अनेक रेषा काढतात आणि त्यातून निवड करतात. निवड झाल्यावर मात्र सरकारी कागदांवर उरते ती एकच रेषा. भूसंपादनाच्या अधिसूचनेत तिला लागून असलेले गट क्रमांक येतात. बाकीच्या रेषा आणि त्यांमागचे दर लोकांपुढे येत नाहीत.

गावाचे मूल्य या हिशेबात कसे धरले जाते, हाही मुद्दा आहे. शेतजमीन आणि घरे यांचा मोबदला, पुनर्वसनाचा खर्च आणि दोन एकरांमागे एक नोकरी या कोल इंडियाच्या धोरणानुसार येणारा पगाराचा भार हे सारे खर्चाच्या बाजूला मांडता येते. विहिरींची पातळी खालावणे, ओढ्याचा प्रवाह वळणे, गुरांची वाट तुटणे या गोष्टींना घनामागे दर लावता येत नाही. ज्याला दर नाही ते संगणकाच्या लेखी शून्य. हा दोष यंत्राचा नाही. त्याच्यापुढे प्रश्न तेवढाच मांडला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

उताराचे अर्थशास्त्र

तिसरा आकडा खाणीच्या भिंतीच्या उताराचा. खड्ड्याची भिंत पायऱ्यापायऱ्यांची असते आणि त्या साऱ्यांचा मिळून एक सरासरी उतार असतो. भिंत जितकी उभी, तितकी कमी माती काढावी लागते. १५० मीटर खोल खाणीत हा उतार ४० अंशांवरून ४५ अंशांवर नेला तर भिंतीचा वरचा काठ सुमारे २९ मीटर आत येतो. एक किलोमीटर लांबीच्या भिंतीत त्यामुळे साडेएकवीस लाख घनमीटर खुदाई वाचते. म्हणजे केवळ पाच अंशांत कोट्यवधी रुपयांचा फरक. मोह किती मोठा आहे, हे यावरून लक्षात यावे.

भिंत किती उभी ठेवता येईल, हेही आता संगणकच सांगतो. खडकाची आणि मातीची ताकद, त्यातील भेगांची दिशा, भूजलाची पातळी हे तपशील भरले की सुरक्षा गुणक मिळतो. तो एकाच्या वर जितका अधिक तितकी भिंत सुरक्षित. एकावर आला म्हणजे ती कोसळण्याच्या उंबरठ्यावर. धनबादची केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्था आणि नागपूरचे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान यांसारख्या संस्थांकडे असे अभ्यास करण्याची क्षमता आहे. तथापि, विदर्भाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून आपली ताकद गमावते. उन्हाळ्यातील कोरड्या नमुन्यावर बेतलेला उतार ऑगस्टमधील संततधारेत टिकेलच, असे नाही. मातीच्या ढिगाऱ्याखालची जमीन ओली असेल तर धोका आणखी वाढतो.

या हिशेबाची किंमत विदर्भाने आणि गोव्याने मोजली आहे. वेकोलिच्या कवडी या उघड्या खाणीत २४ जून २००० रोजी बाजू कोसळून दहा जणांचा बळी गेला. गोव्यातील तोळे येथील लोहखनिज खाणीत डिसेंबर २००६ मध्ये भिंत ढासळून सहा जण मृत्युमुखी पडले. सर्वांत भीषण घटना झारखंडमधील गोड्डा जिल्ह्यात घडली. ईस्टर्न कोलफिल्ड्सच्या राजमहल खाणीत २९ डिसेंबर २०१६ च्या सायंकाळी मातीचा प्रचंड ढीग खचला आणि २३ कामगार त्याखाली गाडले गेले. ते कंत्राटदाराकडे काम करणारे होते. धोक्याची लक्षणे दिसत असतानाही काम सुरू ठेवले गेले, असा आरोप दुर्घटनेनंतर कामगारांच्या बाजूने करण्यात आला.

इशारा आणि आदेश

राजमहलच्या तीन वर्षे आधी अमेरिकेतील युटा राज्यात घडलेली घटना या संदर्भात उद्बोधक आहे. बिंगहॅम कॅनियन ही तेथील तांब्याची प्रचंड उघडी खाण. तिच्या एका भिंतीत हालचाल होत असल्याचे २०१३ च्या सुरुवातीलाच मापकांवर दिसू लागले. रडार दूरवरून भिंतीचे सतत मापन करते आणि मिलिमीटरमधील सरकणेही टिपते. सरकण्याचा वेग वाढत गेला तशी कंपनीने भिंत कोसळणार असल्याची पूर्वसूचना दिली, यंत्रे आणि रस्ते यांची फेरमांडणी केली आणि १० एप्रिल २०१३ रोजी माणसे बाहेर काढली. त्याच रात्री दोन टप्प्यांत १३ कोटी टनांहून अधिक खडक खाली आला. काही डंपर आणि खोदकामाची यंत्रे गाडली गेली. मनुष्यहानी मात्र झाली नाही.

या दोन घटनांतील फरक केवळ उपकरणांचा नाही. रडार इशारा देते, आदेश देत नाही. एक पाळी बंद ठेवायची म्हणजे त्या दिवसाचे उद्दिष्ट हुकणार, कंत्राटदाराची देयके अडणार, वरिष्ठांकडून विचारणा होणार. हे सारे पत्करून काम थांबविण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे आणि तो वापरल्याबद्दल त्याला संरक्षण आहे की नाही, यावर इशाऱ्याचे मोल ठरते. १९५७ च्या विनियमांची जागा घेणाऱ्या २०१७ च्या कोळसा खाण विनियमांनी उताराच्या शास्त्रीय अभ्यासावर आणि देखरेखीवर भर दिला. खाण सुरक्षा महासंचालनालयही त्याचा पाठपुरावा करते. परंतु खाणीतील काम मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे गेलेले असताना, पडद्यावरील इशारा पाहणारा एका आस्थापनेचा आणि ढिगाऱ्याखाली डंपर चालविणारा दुसऱ्याचा, अशी विभागणी होऊ शकते. इशारा या दोघांमधील अंतर किती मिनिटांत कापतो, हा खरा कसोटीचा प्रश्न आहे.

निर्णयाची जागा खाणीपासून दूर सरकत जाणे, हा तर या तंत्रज्ञानाचा स्वभावच आहे. ऑस्ट्रेलियातील रिओ टिंटो कंपनीने २०१० मध्ये पर्थ शहरात नियंत्रण केंद्र सुरू केले. तेथून सुमारे दीड हजार किलोमीटरवरील पिलबारा भागातील लोहखनिजाच्या खाणींचे कामकाज पाहिले जाते आणि तेथे चालकाविना डंपर धावतात. भारतातील मोठ्या कोळसा खाणींतही उपग्रहाच्या आधारे डंपरची जागा टिपून त्यांना यंत्रांकडे पाठविण्याच्या प्रणाली आल्या. सोय मोठी आहे. मात्र दूर बसलेल्याला भेग दिसत नाही, ती मापकाने सांगावी लागते.

जे संगणकाला सांगितलेच नाही

मापकही तेच सांगतो, जे त्याला विचारले जाते. घुग्गुस येथील घटना याची आठवण करून देते. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील या कोळसानगरीत एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळीशी या घटनेचा संबंध जोडण्यात आला. वर्धा खोऱ्यात कोळशाचे खाणकाम ब्रिटिश काळापासून सुरू आहे. त्यावेळच्या भूमिगत बोगद्यांचे नकाशे कोठे अपुरे, कोठे जीर्ण, तर कोठे प्रत्यक्षाशी न जुळणारे.

आज त्याच जुन्या भूमिगत खाणींच्या परिसरात अनेक ठिकाणी उघड्या खाणी चालतात. भूमिगत खाणीत मागे राखून ठेवलेल्या कोळशाच्या खांबांचा साठा वरून खणून काढणे फायदेशीर ठरते. मात्र जुनी पोकळी, तीत साठलेले पाणी आणि धुमसणारी आग यांची नोंद प्रतिरूपात नसेल तर संगणक तेथे भरीव खडक धरतो आणि निर्धास्तपणे उतार सुचवतो. शिवाय त्या भागात साठ्याचा अंदाजही फुगतो. जुन्या नकाशांची पडताळणी हे कंटाळवाणे, खर्चिक आणि कोणाच्या नजरेत न भरणारे काम आहे. नव्या सॉफ्टवेअरच्या खरेदीइतके महत्त्व त्याला मिळाले नाही तर सॉफ्टवेअरवरील खर्चही वाया जाण्याची भीती आहे.

आकाशातून पहारा

संगणकाने काढलेली रेषा खाणमालक पाळतात का, यावर सरकारने अलीकडच्या काळात बरेच लक्ष दिले आहे. त्याला गोव्याचा अनुभव कारणीभूत ठरला. न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने गोव्यातील लोहखनिजाचे खाणकाम स्थगित केले आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयानेही ते थांबवले. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. पट्ट्याच्या हद्दी आणि त्यांबाहेर टाकलेली माती हा त्या साऱ्या वादाचा एक मुख्य भाग होता.

या पार्श्वभूमीवर नागपुरात मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोच्या सहभागातून ऑक्टोबर २०१६ मध्ये उपग्रहाद्वारे देखरेखीची यंत्रणा सुरू झाली. खाणपट्ट्याभोवतीच्या ५०० मीटर परिसरात संशयास्पद बदल दिसला तर त्याची सूचना राज्याकडे जाते. कोळशासाठी तशीच यंत्रणा जुलै २०१८ मध्ये आली. २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन, वर्षाला दहा लाख टन वा त्याहून अधिक खुदाईचे नियोजन असलेल्या किंवा ५० हेक्टर वा त्याहून मोठ्या खाणपट्ट्यांना दरवर्षी ड्रोनने घेतलेली छायाचित्रे सादर करणे बंधनकारक झाले. उपग्रहाला खाणीचा विस्तार दिसतो. ड्रोनच्या मोजणीतून किती माती हलली, याचाही हिशेब लागतो.

हा पहारा आवश्यकच आहे. मात्र त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागेल. रेषा ओलांडली की नाही एवढेच तो पाहतो. ती रेषा कशी आखली गेली, याकडे त्याचे लक्ष नाही. चुकीच्या गृहीतकांवर आखलेल्या रेषेच्या आत राहून केलेले खाणकाम उपग्रहाच्या लेखी निर्दोषच ठरते.

दार उघडायचे कोठे?

गृहीतके उघड करण्याला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला व्यापारी गुपिताचा. लिलावातून खाणी घेणाऱ्या खासगी कंपन्यांच्या बाबतीत तो काही अंशी रास्त मानता येईल. पण सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या आणि सार्वजनिक हितासाठी भूसंपादन करणाऱ्या सरकारी कंपनीला तो फारसा शोभत नाही. दुसरा आक्षेप, हे तंत्र सामान्यांना कळणार नाही, हा. त्यातही फारसे तथ्य नाही. दर वाढला तर रेषा कोठवर जाते आणि घसरला तर कोठे थांबते, हे नकाशावर दोन रंगांत दाखवता येते आणि ज्याचे शेत त्या दोन रंगांच्या मध्ये आहे त्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. कोळसाधारक क्षेत्र अधिनियम, १९५७ मध्येही संपादनाच्या इराद्याची अधिसूचना निघाल्यावर ३० दिवसांत हरकत घेण्याची तरतूद आहे. खाणीची सीमा कोणत्या दरावर आखली, पर्यायी सीमा कोणत्या होत्या, बोअरहोल किती अंतरावर घेतले, भिंतीचा उतार कोणत्या ऋतूतील नमुन्यांवर ठरवला आणि जुन्या भूमिगत खाणींचे नकाशे केव्हा पडताळले, या पाच प्रश्नांची उत्तरे मराठी सारांशात दिली गेली तर हरकतींना नेमकेपणा येईल. आज त्या बहुतांशी भावनेवर उभ्या असतात आणि म्हणूनच सहज फेटाळल्या जातात.

असे करणे अशक्य नाही, याचा दाखला कोळसा क्षेत्रातच आहे. खणून झालेल्या जमिनीपैकी किती भाग भरला, किती भागावर झाडे लागली, याची उपग्रहाद्वारे पाहणी सीएमपीडीआय २००८ पासून नियमितपणे करत आली असून मोठ्या उघड्या खाणींचे असे अहवाल प्रसिद्धही होतात. खाण संपल्यानंतरचे चित्र लोकांना दाखवता येत असेल तर खाण सुरू होण्यापूर्वीचे दाखवण्यातही अडचण नसावी.

सुरक्षेच्या बाबतीतही हाच न्याय लागू व्हावा. भिंतीच्या हालचालीची कोणती मर्यादा ओलांडल्यावर काम थांबणार आणि ते थांबविण्याचा अधिकार कोणाचा, हे खाणीच्या फाटकावर मराठी आणि हिंदीत लिहून लावता येईल. कंत्राटी डंपरचालकाला ते ठाऊक असणे हा त्याच्या जिवाशी संबंधित हक्क आहे.

कोळशाची मागणी येत्या काही वर्षांत एकाएकी ओसरेल, अशी चिन्हे नाहीत. खाणी अधिक खोल जातील, भिंती अधिक उंच होतील आणि संगणकावरील अवलंबन वाढतच जाईल. ते टाळता येणार नाही आणि टाळण्याचे कारणही नाही. नीट आखलेली खाण कमी जमीन व्यापते, कमी डिझेल जाळते आणि कमी माणसे धोक्यात घालते. प्रश्न संगणकावर विश्वास ठेवावा की नाही, हा नाहीच. त्यात आकडे भरणाऱ्याने त्या आकड्यांखाली सही करावी आणि ती सही ज्यांच्या शेतावरून आणि डोक्यावरून ती रेषा जाते त्यांना पाहता यावी, एवढीच अपेक्षा आहे.